सणसरला थांबलेलं नमन

कोणत्याही गावाचं नाव घ्यायचं झालं की आबा आधी त्या गावाकडे तोंड करायचे. मग नाव घ्यायचे.

बारामतीच्या एसटी स्टँडसमोर चहाच्या टपरीवर ते बसलेले असत. बोलण्यात इंदापूर निघालं की कप हातात घेऊन बाकावरच पूर्वेला वळत. भिगवण निघालं की आणखी डावीकडे. फलटण आलं की बहुतेक वेळा समोरच्या माणसाला पाठ होई, आणि शेजाऱ्याच्या मांडीवर चहा सांडे. शेजारी ओरडला तर आबा म्हणत, "सांडू दे की. गावाला पाठ करून बोलायचं व्हय?"

एसटीत त्यांच्याशेजारी बसणं कठीण होतं. गाडी वळली की आबाही वळत, उलट्या बाजूला.

इंदापूरच्या कोर्टात बांधाच्या एका दाव्यात ते साक्षीदार होते. शपथ झाली, नाव झालं, वय झालं. मग विचारलं, गाव? आबा पिंजऱ्यात पूर्ण फिरले आणि न्यायाधीशांना पाठ करून म्हणाले, "शेळगाव." कारकून ओरडला, "कोर्टाकडे तोंड करा!" आबा खिडकीकडे बघतच म्हणाले, "कोर्ट हितंच हाय. गाव तिकडं हाय." हे मला एका वकिलांनी सांगितलं, त्यामुळे वाचकांनी निम्मं खरं धरावं. निम्मं धरलं तरी माणूस ओळखू येतो.

त्या वेळी मी पुण्याच्या एका दैनिकाचा बारामतीतला वार्ताहर होतो. आबा महिन्यातून एकदा कार्यालयात येत. कारण बहुधा फोटोचं असे. जत्रेच्या बातमीत त्यांचा फोटो आला नाही, किंवा आला तो फेट्याचा तुरा कापून आला. उंच, वाळलेला देह, गुलाबी फेटा, पांढऱ्या मिशा आणि मे महिन्यातही खांद्यावर घोंगडं. आपण चांगले दिसतो हे त्यांना माहीत होतं. आपण चांगले गातो हे त्यांना त्याहून जास्त माहीत होतं. दुसऱ्या गाणाऱ्याबद्दल विचारलं तर सावकाश विचार करून सांगत, "आवाज बरा हाय. मेंढरं हाकायला चालंल."

घरी पूर्वी मोठा कळप होता. कालव्याचं पाणी आलं, गायरानं उसाखाली गेली आणि मेंढरं कमी होत होत पुतण्याकडे गेली. मुलगा कारखान्याला ऊस वाहणारा ट्रॅक्टर चालवी. आबांकडे उरल्या त्या धनगरी ओव्या. शेळगावच्या माळावर बिरोबाची जत्रा भरली की त्यांचे जुने सोबती तात्या ढोल धरत आणि आबा उभे राहत, डावा हात कानावर ठेवत आणि नमन धरत.

हे नमन नीट समजून घेतलं पाहिजे, कारण पुढे दोन तालुके आणि एक परकी राजधानी त्यात गुंतली.

ओवी सुरू करण्याआधी देवांना हात जोडायचे असतात. आबांच्या घराण्यात ते मेंढरांच्या वाटेनं जोडत. दिवाळीनंतर कळप कोकणाकडे निघतो. जिथं जिथं मुक्काम, तिथल्या देवाला एकेक कडवं: गावाचं नाव, देवाचं नाव, पाणी कुठं, सावली कुठं. शेळगाव, मग अंथुर्णे, लासुर्णे, सणसर, मग बारामती, मोरगाव, जेजुरी आणि पुढं घाटाखालपर्यंत. प्रत्येक कडव्याला त्या गावाकडे तोंड. घाट उतरला की नमन संपलं, आणि मग देवाची खरी कथा सुरू. मध्येच कुणी "आबा, आटपा जरा" म्हटलं तर ते एका श्वासात सांगत, "थांबा की. अजून निघालोय कुठं?"

हे वाक्य ते जेवणाच्या पंगतीत, लग्नाच्या बैठकीत आणि दवाखान्यातही वापरत.

मुंबईहून सांस्कृतिक खात्याचे एक अधिकारी जत्रेला आले, त्यांनी आबांचा आवाज टेपवर घेतला आणि काही महिन्यांनी निवड झाल्याचं कळलं. युरोपातल्या एका लहान देशात लोकसंगीताची आंतरराष्ट्रीय स्पर्धा होती. प्रत्येक देशाचं एक पथक, एक गाणं, सहा मिनिटं. गाण्याचे शब्द आधी लिहून पाठवायचे. आबांनी कथा न निवडता नमन निवडलं. "लांबचं गाव हाय. आधी देवास्नी सांगून तरी जाऊ," असं कारण त्यांनी मला दिलं. सहा मिनिटांत बसावं म्हणून ते भरभर गाणार होते. एवढीच तडजोड त्यांना मान्य होती.

शब्द पुण्याच्या वर्तमानपत्रांत छापून आले. आमच्याही. दोन्ही तालुक्यांतल्या कार्यकर्त्यांनी ते गाणं म्हणून वाचलं नाही. निवडणुकीची उमेदवार यादी वाचावी तसं वाचलं: आपलं गाव आहे का, कितव्या नंबरावर आहे, आणि शेजारचं कसं आहे.

आठवडाभरात बारामतीच्या विश्रामगृहात बैठक झाली. आमच्या भागातल्या एका साखर कारखान्याचे त्या वेळचे चेअरमन एका बाजूला. पंचायत समितीचे एक माजी सभापती दुसऱ्या बाजूला. हे दोघे एरवी एका मांडवात बसत नसत. मध्ये आबा, तात्या आणि खारे शेंगदाणे.

"आबा," चेअरमन म्हणाले, "कारखान्याच्या गेटवर आपुन गणपती बसवलाय. त्याला एक ओळ नको का?"

"गणपतीला नगं कशाला? पर तितं मुक्काम कसा करायचा, सायेब? मेंढरं उसात शिरली की तुमचाच वाचमन काठी घिऊन येतुया."

"गाण्यात कुठला आलाय वॉचमन?"

"मंग ऊस तरी कुठं हाय गान्यात?"

माजी सभापतींनी गळा साफ केला. त्यांची सासुरवाड डाळजची, आणि हे सर्वांना माहीत होतं. "आबा, डाळज घ्या. पुणे-सोलापूर हायवेवरचं गाव आहे. बाहेरच्या लोकांना नकाशात लगेच सापडेल."

आबा खुर्चीत ईशान्येला वळले. "डाळज वाटंवर न्हाय."

"हायवेवर आहे म्हणतोय मी!"

"हायवेवरनं टरका जात्यात. मेंढरं न्हाईत."

"अहो, गाण्यातली मेंढरं ही. खरी थोडीच न्यायचीत?"

"गान्यातल्या मेंढरास्नीबी पानी लागतं, रावसाहेब."

तेवढ्यात बारामतीच्या एका नगरसेवकानं मुद्दा मांडला की शहर मोठं आहे, तेव्हा पहिलं नमन बारामतीला व्हावं. आबांनी शेंगदाण्यांची बशी त्याच्याकडे सरकवली. "शेळगावातनं निघायचं आन् आदी बारामती? मदली गावं उडून जायची व्हय? मेंढरं हायती बाबा, पाखरं न्हवं."

शेवटी एका कॉलेजच्या मराठीच्या प्राध्यापकांना बोलावून समतोल नमन तयार करण्यात आलं. इंदापूर तालुक्यातली चार गावं, बारामती तालुक्यातली चार. अंथुर्णे आणि लासुर्णे यांच्या मध्ये डाळज. अखेरच्या ओळीत सहकाराचा जयजयकार. प्राध्यापकांनी ते वाचून दाखवलं. आबांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "बरं."

चेअरमन खूश झाले, माजी सभापतीही. डॉक्टरांनी विडी सोडा म्हटल्यावर आबा हेच "बरं" म्हणत, हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. बाहेर आल्यावर तात्यांनी विचारलं, "आबा, ह्ये असलं म्हनायचं?" आबा चपला शोधत होते. "म्हनाया सांगितलंया त्येंनी. आपुन अजून निघालोय कुठं?"

स्पर्धेत काय घडलं ते मला तात्यांनी सांगितलं. तात्या ढोल वाजवताना वाढवतात, बोलताना वाढवत नाहीत.

तिथं गेल्यापासून ढगाळ होतं. सूर्य एकदाही दिसला नव्हता, म्हणून आबा बेचैन होते. आपला मुलूख कोणत्या अंगाला, हेच कळेना. दिल्लीहून सोबत आलेल्या दुभाषी मुलीला त्यांनी विचारलं, "बाई, हमारा मुलुख किदर हाय?" तिला वाटलं म्हातारबाबांना घरची आठवण आली. ती म्हणाली, चार दिवसांनी विमान आहे. स्पर्धेच्या दिवशी पडद्यामागे आबांनी पुन्हा विचारलं. या वेळी तिनं सभागृहाच्या रखवालदाराला विचारलं. रखवालदारानं विजेवाल्याला विचारलं. दोघांनी बराच वेळ चर्चा केली आणि मग रखवालदारानं हात लांब करून रंगमंचाच्या मागच्या भिंतीकडे दाखवला. आबांनी त्याला वाकून नमस्कार केला.

पडदा वर गेला. समोर परीक्षक, पहिल्या रांगेत त्या देशाचे शेतीमंत्री, मागे तुडुंब सभागृह. आबांनी डावा हात कानावर ठेवला आणि मागच्या भिंतीकडे फिरले. आबा फिरले म्हणून तात्या ढोलासकट फिरले. तात्या फिरले म्हणून झांजवाले फिरले. परीक्षकांना एका ओळीत पाच घोंगडी दिसली.

"मंग काय म्हनलं आबांनी?" मी तात्यांना त्यांच्याच बोलीत विचारलं.

"दुसरं काय म्हनत्यात? जुनंच. शेळगाव, अंथुर्णं, लासुर्णं, सणसर."

"डाळज?"

"डाळज वाटंवर न्हाय," तात्या म्हणाले.

ठरवूनही आबांना भरभर गाता आलं नव्हतं. सणसरचं कडवं संपलं, आबांनी बारामतीसाठी श्वास घेतला आणि सहा मिनिटांची घंटा झाली. पडदा पडला. पण तो पडला आबांच्या पाठीमागे. समोर भिंत होती ती तशीच होती. बारामतीचं नाव घ्यायला आबांनी तोंड उघडलं. रखवालदारानं येऊन खांद्यावर हात ठेवला तेव्हा ते थांबले. त्यांनी हात कानावरून खाली घेतला आणि तात्यांना एवढंच म्हणाले, "मेंढरं सणसरला हुबी ऱ्हायली की रं."

दुसऱ्या दिवशी तिथल्या वर्तमानपत्रात पहिल्या पानावर आबांचा फोटो होता. पाठीचा. त्या महिन्यात त्या देशातले शेतकरी सरकारवर चिडून ट्रॅक्टर घेऊन रस्त्यावर उतरले होते, आणि भारतातल्या एका मेंढपाळानं भर सभागृहात शेतीमंत्र्यांना पाठ दाखवली अशी ती बातमी होती. दुपारी तिथले मेंढपाळ हॉटेलवर आले. त्यांनी आबांना मिठ्या मारल्या आणि चीजचा एक मोठा गोळा दिला. आबांना माणसं अगत्याची वाटली. ते त्यांच्याबरोबर मेंढ्यांच्या एका वाड्यावर गेले, एका मेंढीचं तोंड उघडून दात बघितले आणि मान हलवली. त्याचाही फोटो आला. त्याखाली लिहिलं होतं की आंदोलनाला आशियातून पाठिंबा. चीजबद्दल आबांचं मत मी विचारलं होतं. "नासलंय," ते म्हणाले, "पर मन लावून नासवलंय."

तिथल्या सरकारनं आपल्या वकिलातीला विचारणा केली. वकिलातीनं दिल्लीला कळवलं, दिल्लीनं मुंबईला, मुंबईनं पुण्याला. आबा विमानातून उतरायच्या आधी वाद शेळगावात पोचलेला होता.

आमच्या कार्यालयात पहिलं पत्रक चेअरमनांच्या गटाकडून आलं. परदेशी करार शेतकऱ्याच्या गळ्याला फास आहेत आणि आबांनी त्यांना पाठ दाखवून तालुक्याची मान उंचावली, असं त्यात होतं. माजी सभापतींच्या गटाचं पत्रक तासाभरानं आलं. पाहुण्या देशाचा अपमान झाला आणि देशाची नाचक्की झाली, असं त्यात होतं. दोन्ही छापली. मग दिल्ली नाराज आहे असं कळलं, तेव्हा चेअरमनांच्या गटाला नाचक्की दिसू लागली. लोक मात्र खूश आहेत असं कळलं, तेव्हा माजी सभापतींच्या गटाची मान उंचावली. नवी पत्रकं जुन्या माणसांनीच आणून दिली. मजकूर तोच होता. गटांची नावं बदललेली होती. तीही छापली.

तेवढ्यात घंटेचा तपशील फुटला. आबा सणसरपर्यंत पोचले होते. सणसर इंदापूर तालुक्यात. म्हणजे घंटा नेमकी तालुक्याच्या हद्दीवर वाजली होती. आंतरराष्ट्रीय मंचावर इंदापूरची चार गावं गेली आणि बारामतीचं एकही नाही. हे ठरवून झालं का, असा सवाल नगरसेवकानं केला आणि अर्ध्या दिवसाचा बंद पुकारला. चहाची टपरी तेवढी उघडी होती, कारण बंद करणाऱ्यांनाही चहा लागत होता. बाकावर बसलेल्या आबांना कुणीतरी विचारलं, "आबा, बंद कशासाठी हाय?" आबा म्हणाले, "काय ठावं. आपल्याला बारामती म्हनायचीच ऱ्हायलीया."

मुंबईनं नेमलेली चौकशी समिती इंदापूरला बसली. पत्रकारांना आत घेतलं होतं.

"पाठ का फिरवली?" अध्यक्षांनी विचारलं.

"कुनाला?"

"मंत्र्यांना."

"मला काय ठावं तितं मंत्री बसलाय. म्या देवाकडं तोंड केलं."

"म्हणजे मंत्र्यांना पाठ केलीच."

"आता देव एका अंगाला आन् मंत्री दुसऱ्या अंगाला. मानसाला तोंड एकच हाय."

सदर कलाकारानं आरोप मान्य केल्याची नोंद इतिवृत्तात झाली.

आबा उठले नाहीत. फेटा काढून मांडीवर घेतला. तो माणूस चारचौघांत फेटा काढताना मी त्याआधी पाहिला नव्हता. "सायेब, माजं येक काम हुतं," ते म्हणाले. "नमन मदीच सुटलंया. सुटल्यालं नमन तसंच ठिवायचं नसतं. देव वाट बगत्यात. बारामतीपासनं फुडचं हितं म्हनून घिऊ का? दार लावा पायजे तर."

अध्यक्षांनी सचिवांकडे पाहिलं. सचिवांनी कागद पाहिला. "विषयपत्रिकेत नाही," सचिव म्हणाले.

अहवाल येईपर्यंत आबांनी कोणत्याही जाहीर कार्यक्रमात गाऊ नये, असं समितीनं सुचवलं. हे सुचवलं नसतं तरी फरक पडला नसता. अर्धवट नमनावर आबा दुसरं काही गाणार नव्हते.

त्या वर्षी शेळगावच्या जत्रेत तात्यांनी ढोल बांधला. दुसऱ्या वाडीचा गाणारा उभा राहिला. आबा देवळाच्या कडेला ओट्यावर बसून होते. लोक येऊन विचारत, "आबा, आज का बसून?" ते सरकून शेजारी बसायला जागा करून देत. परक्या गाणाऱ्याचं नमन संपलं तसं एकानं मुद्दाम डिवचलं, "कसा हाय आवाज, आबा?" आबा म्हणाले, "चांगला हाय." ते ऐकून तात्यांनी ढोल खाली ठेवला. मला बाजूला घेऊन म्हणाले, "बातमीदार, आबांचं काय खरं न्हाय. दुसऱ्याला चांगला म्हनाया लागल्यात."

मग निवडणूक आली. चौकशी मागे पडली आणि सत्कार पुढे आला. बारामतीच्या मैदानावर मोठा मांडव घातला. दोन्ही गट आले, कारण न येणं परवडणारं नव्हतं. गाताना आबा कुठं वळतात याचा एव्हाना दोघांनीही अभ्यास केलेला होता. सणसरच्या पुढे बारामती, मग मोरगाव, जेजुरी, म्हणजे तोंड पश्चिमेला. चेअरमनांनी व्यासपीठ पश्चिमेला बांधून घेतलं, गाणाऱ्यांना त्याच्यासमोर खाली जागा दिली आणि छायाचित्रकार पूर्वेला उभे केले, म्हणजे फोटोत आबांची पाठ आणि आपला चेहरा.

भाषणं झाली. आबांच्या पाठीवर प्रत्येक जण बोलला. मग आबा उठले, डावा हात कानावर ठेवला आणि व्यासपीठाला पाठ करून पूर्वेला वळले.

"आबा, इकडं, इकडं!" चेअरमन दबल्या आवाजात म्हणाले.

"जितं सोडलं तितनं उचलायचं असतं," तात्यांनी ढोलावरून सांगितलं. "आदी सणसर."

कार्यकर्त्यांनी खुर्च्या उचलल्या. चेअरमन आणि माजी सभापती लोकांमधून वाट काढत पूर्वेच्या टोकाला जाऊन बसेपर्यंत सणसरचं कडवं संपलं, आणि आबा बारामतीच्या देवासाठी उत्तरेला फिरले. खुर्च्या पुन्हा उचलल्या गेल्या. एक खुर्ची वाटेत एका आजीबाईंनी धरून ठेवली आणि त्यावर त्या बसल्या. आबांनी श्वास घेतला. तोंड उघडलं. तेवढ्यात मुंबईच्या मंत्र्यांच्या गाड्या मैदानात शिरल्या, बँड वाजू लागला आणि सगळा मांडव उठून गेटकडे धावला. मंत्री आले, बोलले आणि पुढच्या सभेला गेले. आभार मानणाऱ्यानं सांगितलं की वेळेअभावी गायन आटोपतं घेत आहोत.

आबांना शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. घड्याळ बगलेत धरून ते मांडवाच्या दाराशी उभे होते. मी जवळ गेलो तर म्हणाले, "किती दीस हुबी ऱ्हायाची वो मुकी जनावरं?" कोणती, हे मी विचारलं नाही. घड्याळ त्यांनी टपरीवाल्याला देऊन टाकलं.

दिवाळी झाली. पुतण्याचा कळप कोकणाकडे निघाला आणि घरचे नको म्हणत असताना आबा त्याच्याबरोबर चालू लागले. गुडघे गेले होते. बायकोनं विचारलं, "ह्या वयात कुठं निघालाव?" म्हणाले, "अजून निघालोय कुठं? सणसरला तर जातूय."

सणसरच्या शिवारात, कालव्याच्या अलीकडे, ऊस तोडून नेलेल्या मोकळ्या रानात कळप बसलेला होता. मी गेलो तेव्हा ऊन कलत होतं. तात्या ढोल घेऊन एसटीनं आले होते. माझ्या आधी एक जीपही येऊन उभी होती. माजी सभापतींचे दोघे कार्यकर्ते हात जोडून सांगत होते की डाळजला कमान उभारली आहे, कळप एक दिवस तिकडून न्यावा, ट्रकची सोय करतो. आबा उत्तरेला वळून म्हणाले, "बरं." जीप समाधानानं निघून गेली.

मग ते उठले. डावा हात कानावर ठेवला. मी पाहत होतो ते कुठं वळतात. ते वळलेच नाहीत. होते तसेच उभे राहिले.

"आबा, सणसरला तोंड कुठं करायचं?" मी विचारलं.

"हितं कुठंबी," ते म्हणाले. "हितं आपुन हायच की."

सणसरचं कडवं झालं. त्यापाठोपाठ त्यांनी बारामती घेतली नाही. ती दुसऱ्या मुक्कामाला, बारामतीत पोचून घेतली. कुणाला न कळवता, गावाबाहेरच्या रानात. मोरगावचं मोरगावात. जेजुरीचं जेजुरीला. तिथून तात्या परत आले, त्यांचा ऊस तोडणीला आला होता. पुढचं पुतण्यानं सांगितलं. घाट उतरल्यावर पायथ्याच्या देवाला शेवटचं कडवं म्हणून झालं, तसं आबांनी घोंगडीची घडी घातली आणि म्हणाले, "चला. आता निघाया हरकत न्हाय." आणि एसटी पकडून घरी आले.

पुढच्या जत्रेत ते गायले. परक्या गाणाऱ्याबद्दल विचारलं तर म्हणाले, "मेंढरं हाकायला चालंल." तात्यांनी ढोलावर अशी थाप मारली की पोरं दचकली.

त्यानंतर काही वर्षांनी एका उन्हाळ्यात आबा गेले. पुण्याच्या कार्यालयानं मला फोटो मागितला आणि बजावलं की तो पाठीचाच पाठवा, लोकांना तोच माहीत आहे. मी समोरचा पाठवला. तो तुरा कापून छापून आला.

नंतर दोन्ही गटांनी वर्गणी काढून शेळगावच्या फाट्यावर आबांचं रंगवलेलं चित्र उभं केलं. लोखंडी खांबावर पत्रा, पत्र्यावर फेटा, मिशा, कानावर हात, आणि खाली दोन्ही गटांची नावं सारख्या आकारात. चित्राचं तोंड कुठं असावं यावर दोन बैठका झाल्या. देऊळ माळावर, रस्त्याच्या उलट बाजूला. पण जाणारं-येणारं रस्त्यावरून बघतं, मंत्र्यांच्या गाड्या रस्त्यावरून जातात. म्हणून तोंड रस्त्याकडे ठरलं, पाठ बिरोबाकडे.

पहिल्याच दिवाळीनंतर, कळप निघून गेल्यावर, कार्यकर्त्यांना तो पत्रा खांबावर देवळाकडे फिरवलेला आढळला. त्यांनी सरळ केला. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. मग नटबोल्ट बदलले, मग वेल्डरला बोलावून जोड पक्का केला. पोलिसांकडे अर्ज दिलेला आहे. तात्यांना विचारलं तर ते म्हणतात, "वारं फार सुटतं माळाला."

मध्यंतरी एका दिवाळीनंतर मी त्या फाट्यावरून गेलो. रस्त्याच्या बाजूला ना फेटा होता, ना मिशा, ना कुणाची नावं. नुसता कोरा पत्रा होता, कडेला थोडा गंजलेला. गाडीतल्या एकानं विचारलं, "हे कुणाचं हो?" पुढच्या बाकावरचा म्हातारा मागं न बघता म्हणाला, "आबांचं."